पहिली भाकर लालीची

आमच्या घरात पहिली भाकर कुणाच्या ताटात जात नसे. फुई ती मुद्दाम लहान थापायची, तव्यावरून उतरली की चुलीच्या कडेला निवायला ठेवायची आणि मगच दुसरीला हात घालायची. आबा कितीही घाईत असोत, बाजाराला निघालेले असोत, त्यांचं ताट दुसऱ्या भाकरीची वाट बघत बसायचं. निवलेली भाकर ताकात कुस्करून मागच्या दाराशी असलेल्या दगडी कुंडीत पडायची, आणि तिथे लाली आधीच येऊन बसलेली असायची. तिला हाक मारावी लागत नसे. सकाळी सगळ्या गल्लीतच कळण्याच्या भाकरीचा, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाच्या भाकरीचा वास असायचा, पण आपल्या घरचा तवा कधी तापला हे त्या कुत्रीला बरोबर कळायचं. खाऊन झालं की ती कुंडी चाटून कोरडी करायची आणि फुईच्या पदराला एकदा नाक लावून शेताकडे चालू लागायची. तिच्या चालण्याचा आवाज होत नसे. हे मी आता मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्या आवाजाचाच मला धसका बसला.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. तिला खांडबाऱ्याकडच्या एका खेड्यात दिलं होतं. फुवा, म्हणजे तिचे यजमान, लग्नानंतर लवकरच तापात गेले, मूलबाळ नव्हतं, आणि दिवसकार्य उरकल्यावर सासरच्यांनी तिला गाडीत बसवून दिलं. आबा स्टेशनावर घ्यायला गेले तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि टोपलीत फडक्याखाली एक लाल पिल्लू होतं. फुवांच्या कुत्रीचं. माय हे सांगताना हसायची, म्हणायची, दागिने तिकडे राहिले आणि कुत्रं तेवढं आलं. फुई यावर कधी हसली नाही. त्या पिल्लाचं नाव लाली. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा तिची मुलगी लाली झाली, मग तिची मुलगी. बाकीची पिल्लं शेजारीपाजारी, नातेवाइकांकडे जायची, आणि एक मादी घरात राहायची. ती नावाला येईपर्यंत तिला नुसतं ‘पोर’ म्हणायचं. त्यामुळे आमच्या घरात लाली कधी मेली असं झालं नाही. माझ्या लहानपणीची लाली कितवी हे फक्त फुईला माहीत होतं, आणि कुणी विचारलं की ती म्हणायची, लाली एकच शे.

दिसायला सगळ्या सारख्या. वीटकरी लाल अंग, उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी, एका पायाला पांढरा मोजा, आणि अंगावर चरबी म्हणून नाही. भुंकणं फार नाही, उगाच लाडात येणं नाही. भादव्यात एकदा कुत्रे मागे लागायचे आणि दिवाळीनंतर पिल्लं व्हायची. वर्षातून एकदाच, त्यापलीकडे नाही. आबांना या गोष्टीचा फार अभिमान होता. शहाद्याच्या एका नातेवाइकाने मोठ्या केसांचं विलायती कुत्रं आणलं होतं, ते उन्हाळ्यात धापा टाकायचं, कान सडायचे, आणि त्याला पंख्याखाली ठेवावं लागायचं. आबा तिथून आले की आठवडाभर तोच विषय. आपल्या कुत्रीकडे बोट दाखवून म्हणायचे, “गावठी कुत्रं शे हाई. त्याले काय व्हस?” गावठीला काही होत नाही म्हणणारे हेच आबा म्हशींच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून असायचे. पावसाळ्याच्या आधी घटसर्पाची लस, फऱ्याची लस, जनावरांचे डॉक्टर येणार म्हटल्यावर सकाळपासून गोठा झाडून तयार. लालीला काय मिळालं असेल तर पिसाळण्याची सुई, तीही गावात एकदा पिसाळलेलं कुत्रं शिरून बोभाटा झाला होता म्हणून. ती टोचल्यावर कुत्र्याचं सगळं झालं अशी घरादाराची समजूत होती.

फुईचे स्वतःचे इलाज होते आणि ते वाईट नव्हते. गोचीड ती रोज दुपारी ओसरीवर बसून वेचायची आणि राखेच्या वाटीत टाकायची. खरूज दिसली की करंजाचं तेल. जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून भरायचा. विणीच्या वेळी कुत्रीला ज्वारीच्या भरडीचं गूळ घातलेलं घाटं द्यायची, आणि पिल्लांची पोटं फुगली की वावडिंग. नाशिकला माझी नात आहे, तिने रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं. तिच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की ही आपल्याकडची आदिम जात, माणसाने हिच्यात फार ढवळाढवळ केलेली नाही म्हणून ती काटक असते, पण काटक असणं आणि आजार न होणं या दोन वेगळ्या गोष्टी. लहानपणी ठरावीक अंतराने लस, मग दरवर्षी, जंताचं औषध, गोचिडाचं औषध. नात हे मला फोनवर कौतुकाने सांगत होती. मी हूं हूं करत होते. एवढं साधं वाक्य आमच्या घरात वेळेवर कुणी बोललं असतं तर, असं माझ्या मनात आलं आणि मला कुणाचा तरी राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. ज्यांच्यावर रागवायचं ती सगळी माणसं आता नाहीत.

त्या वर्षी लालीला पिल्लं झाली ती मिरचीच्या ऐन हंगामात. आमच्या नंदुरबारकडे थंडी म्हणजे मिरची. खळ्यावर लाल मिरची पसरलेली, अंगणात मिरची, ओसरीच्या कोपऱ्यात पोत्यांत मिरची. सगळं घर खोकत असायचं. सकाळी उठल्यावर आधी शिंका, मग दात घासणं. माय भाकरी थापताना पदराने नाक पुसायची, आबा बोलता बोलता ठसका लागून अर्ध्यावर थांबायचे, मजुरीला आलेल्या बायका तोंडाला फडकी बांधून मिरची निवडायच्या आणि त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी. पिल्लं चार होती. तीन नर आणि एक मादी. मादी अगदी आईच्या वळणाची, पांढरा मोजासुद्धा त्याच पायाला. फुईने तिला पहिल्या दिवशीच उचलून बघितलं आणि परत आईच्या पोटाशी ठेवलं. पुढची लाली ठरली. जुनी लाली आता थकली होती, तिचं तोंड पांढरं पडत चाललं होतं, आणि हे तिचं शेवटचं वेत असणार हे फुई बोलून दाखवायची. म्हणून ती या एका पिल्लाला फार जपत होती.

पिल्लं दूध सोडून भाकरीवर आली, खळ्यावर हुंदडायला लागली, आणि मग एके दिवशी पोर खोकली. पोर म्हणजे ती मादी. कुणी लक्ष दिलं नाही. सगळेच खोकत होते. तिचं नाक वाहत होतं, तर मायचंही वाहत होतं. डोळे चिकटले होते, तर मिरचीच्या हाताने कुणीतरी कुरवाळलं असेल. आबा म्हणाले, खळ्यावरून जरा लांब ठेवा. गावात त्या थंडीत कुत्री मरत होती हे आम्हाला माहीत होतं, पण थंडीत कुत्री मरतातच, पिल्लं तर मरतातच, असं धरून सगळे चालत होते. पोरीने पहिली भाकर हुंगून सोडली तेव्हा मात्र फुई हातातलं पीठ टाकून उठली. तिने आबांना आवाज दिला आणि सांगितलं की हा ठसका मिरचीचा नाही.

योगायोगाने त्याच आठवड्यात जनावरांचे डॉक्टर गाभण म्हैस बघायला आले. ते देशावरचे, शुद्ध मराठी बोलणारे, गावात त्यांच्याशी बोलताना सगळे जरा ताठ व्हायचे. म्हशीचं झाल्यावर आबांनी संकोचत पिल्लाचं विचारलं. डॉक्टरांनी पोरीचे डोळे बघितले, तिला उताणी करून पोट बघितलं, पंजाच्या गाद्या अंगठ्याने दाबल्या. “हा कुत्र्यांचाच आजार आहे, डिस्टेंपर म्हणतात,” ते म्हणाले. “झाल्यावर औषध नाही. नशिबाने वाचलं तर वाचलं. बाकीच्यांना आजपासून वेगळं ठेवा. ताटली, पाणी, गोणपाट, काही एक करू नका. लस मिळते, पण ती निरोग्यांना, आणि सुरतेहून बर्फात घालून आणावी लागेल.” आबांनी मान डोलावली. फुई दाराआडून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर तिने आबांना विचारलं की सुरतेला कधी जाणार. मिरचीचा व्यापारी येऊन गेला की लगेच, असं आबा म्हणाले, आणि ते टाळायला म्हणाले नव्हते. ते खरंच जाणार होते. बर्फासाठी त्यांनी शेजाऱ्याचा थर्मासही मागून आणला होता, तो कितीतरी दिवस आमच्या कोनाड्यात उभा होता.

फुईने डॉक्टरांचं म्हणणं असं पाळलं की आजच्या दवाखान्यातही कुणी पाळणार नाही. कापूस ठेवायची मागची खोली रिकामी होती, तिथे पोरीला ठेवलं. तिची ताटली वेगळी, फडकं वेगळं. तिथून बाहेर आलं की फुई राखेने हात घासायची, लुगडं बदलायची, मगच बाकीच्या पिल्लांकडे जायची. मला त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी होती. मी दाराच्या फटीतून बघायची. फुई कोमट पाण्याने पोरीचे डोळे पुसायची, बोटाने पेज चाटवायची, आणि सारखी काहीतरी बोलत असायची. काय बोलायची ते ऐकू यायचं नाही. आबा म्हणायचे, अक्काला नाद लागला आहे. पण ते आवाज खाली करून म्हणायचे.

मग पोरीच्या पोटावर पुटकुळ्या आल्या. बारीक, पांढऱ्या तोंडाच्या, मांड्यांपर्यंत पसरलेल्या. फुईने त्या बघितल्या आणि तिचा चेहराच बदलला. भीती गेली. ती बाहेर आली, हातपाय धुतले, देवाजवळ दिवा लावला आणि आबांना म्हणाली, “भाऊ, तिले माता उनी शे.” आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगावर फोड उठले, मग ते कांजिण्यांचे असोत की गोवराचे, की आमच्याकडे ती माता. माता आली म्हणजे औषध बंद, फोडणी बंद, दाराला निंबाचा पाला, आणि घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मला आणि माझ्या भावाला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा हे सगळं झालं होतं. म्हणजे फुईला शेवटी या आजाराचं नाव मिळालं होतं, आणि ते तिच्या ओळखीचं नाव होतं. त्या दुसऱ्या, डॉक्टरांच्या नावाचं तिला काय करता येणार होतं? या नावाचे नियम तिला तोंडपाठ होते. कापसाच्या खोलीला निंबाच्या डहाळ्या लागल्या. मायने कपाळावर हात मारून घेतला, पण फोडणी तिनेही बंद केली.

आणि पोर बरी झाली. हेच सगळ्यात वाईट झालं. पुटकुळ्या वाळल्या, डोळे उघडले, नाक कोरडं झालं, आणि एका सकाळी पहिली भाकर तिने पुरती खाल्ली. फुई ताटली घेऊन बाहेर आली आणि ती सगळ्यांना दाखवत होती, रिकामी ताटली. त्या दिवशी घरात सणासारखं वाटत होतं. आबांनी थर्मास परत करून टाकला, आता कशाला जायचं म्हणाले. आज मला माहीत आहे की या आजारात असा एक टप्पा येतो, कुत्रं बरं झाल्यासारखं दिसतं, आणि आजार आत कुठेतरी मेंदूकडे निघालेला असतो, आणि त्या दिवसांत त्याच्या लाळेतून तो दुसऱ्यांनाही जातो. डॉक्टर हे तेव्हा बोलले होते की नव्हते, मला आठवत नाही. बोलले असते तरी त्या रिकाम्या ताटलीपुढे ते कुणाच्या ध्यानात राहिलं असतं असं मला वाटत नाही.

माता गेली की तिला थंड करायचं असतं. निंबाच्या पाण्याने आंघोळ, मग दहीभात. आमच्या घरची रीत अशी की जिच्यावर माता आली तिने त्या ताटातला पहिला घास खायचा आणि मग घरातल्या बाकीच्या लेकरांनी त्याच ताटातून एकेक घास घ्यायचा, म्हणजे माता त्यांच्यावर आली तरी सौम्य येते. माझ्या ताटातला घास माझ्या भावाने खाल्ला होता आणि त्याला पुढे अगदी थोड्या आल्या होत्या, हा फुईजवळ पुरावा होता. तिच्या लेखी ही लसच होती. सुरतेहून आणायची ती मिळाली नाही तर घरची द्यायची, इतकं ते सरळ होतं. तिने मंगळवारी भात शिजवून गार केला, दही कालवलं, पोरीला आंघोळ घातली, कुंकू लावलं, आणि दगडी कुंडीत तो भात ओतला. आधी पोरीला खाऊ दिलं. मग इतके दिवस जिवापाड लांब ठेवलेल्या तिन्ही पिल्लांना आणि लालीला तिने स्वतः कुंडीपाशी आणलं. पिल्लं एकमेकांना किती दिवसांनी भेटली होती. ती भातापेक्षा एकमेकांची तोंडंच जास्त चाटत होती. फुई पदर तोंडाला लावून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरची आवरून झाली होती, ते पाणी मिरचीचं नव्हतं. तिला इतकी आनंदात मी पुन्हा कधी पाहिली नाही.

मिरचीची पोती निघून गेली, घरातला खोकला थांबला, आणि त्या शांततेत तिन्ही पिल्लं खोकायला लागली. आता काही घोटाळा होण्यासारखा नव्हता. आबांनी डॉक्टरांना निरोप धाडला. ते आले, पिल्लं बघितली, लालीला बघितलं, तिचेही डोळे चिकटले होते. मग त्यांनी विचारलं की वेगळं ठेवलं होतं ना, मधे कधी एकत्र खायला दिलं का. आबांनी मायकडे बघितलं. माय जमिनीकडे बघत होती. फुई दाराआडून बाहेर आली, डॉक्टरांसमोर ती कधी येत नसे, आणि म्हणाली, “दिधं. मी दिधं.” डॉक्टरांनी मान खाली घातली. ते तिला ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. त्यांनी बॅग बंद केली आणि आता करण्यासारखं काही नाही एवढंच सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मला आवाजांनीच आठवतात. पोरीच्या पंजाच्या गाद्या लाकडासारख्या टणक झाल्या होत्या. ती ओसरीच्या फरशीवर चालली की टक टक वाजायचं, म्हातारं माणूस काठी टेकत यावं तसं. मग तिचा जबडा आपोआप चालायला लागला, तोंडात काही नसताना ती चावत राहायची आणि फेस यायचा. एक पाय झोपेतही झटके देत असायचा. फुई तो पाय हातात धरून बसायची. धरला तरी तो तिच्या मुठीत उडतच राहायचा. पिल्लं एकापाठोपाठ एक गेली. पिल्लांत पोर शेवटी गेली, जिला सगळ्यांत आधी झालं होतं तीच त्यांच्यात सगळ्यात जास्त दिवस राहिली. आणि म्हातारी लाली उन्हाळ्याच्या तोंडावर, अंगणात गोल गोल फिरत, कुणाला ओळखत नसताना. शेवटच्या दिवशी ती कुंडीपाशी आली होती, पण कुंडी कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं. आबांनी तिला बांधावरच्या बाभळीखाली पुरलं. ते परत आले आणि हात न धुता ओसरीवर बसून राहिले. विलायती कुत्र्याचा विषय त्यांनी पुढे कधी काढला नाही.

फुईला घरात कुणी काही म्हणालं नाही. मायच्या तोंडून एकदा निसटलं, दहीभाताचं, आणि आबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती उठून आत गेली. पण न बोलण्याने काय होतं? फुई रोज पहिली भाकर लहान थापायची, निवायला ठेवायची, आणि मग ती भाकर तशीच दिवसभर चुलीच्या कडेला पडून राहायची. संध्याकाळी ती म्हशीला जायची. आबांनी दुसरं पिल्लू आणण्याचं काढलं, गल्लीत कुणाकडे तरी आहे म्हणाले, आणि या वेळी लस आधी, पिल्लू मागून. फुई म्हणाली, “ते लाली नही, भाऊ.” आणि मग थोड्या दिवसांनी, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेल्यावर, तिने स्वतःच सांगितलं की तिला खांडबाऱ्याकडे जायचं आहे. सासरी. जिथलं नाव तिने इतक्या वर्षांत घेतलं नव्हतं, ज्यांनी तिला सणाला बोलावलं नव्हतं की कुणाच्या लग्नाची पत्रिका धाडली नव्हती. लालीची इकडे वाटलेली पिल्लं आता उरली नव्हती, पण तिथे तिच्या मूळ कुत्रीचा वंश असेल तर एक पिल्लू मागायचं होतं. आबांना हे फार लागलं. पण ते नाही म्हणू शकले नाहीत. त्यांनी मला तिच्यासोबत दिलं.

स्टेशनापासून त्या गावापर्यंत आम्ही चालत गेलो. फुईने डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता आणि रिकामी टोपली काखेत धरली होती, फडक्यासकट. घर मोठं होतं. तिची जेठाणी, म्हणजे फुवांच्या थोरल्या भावाची बायको, आम्हाला बघून आधी दचकली आणि मग चहा ठेवायला आत गेली. जेठ खाटेवर होते, त्यांना नीट दिसत नव्हतं. फुईने न बसताच सांगितलं की हिस्सा मागायला आले नाही, कुत्रीचं एक पिल्लू द्या. ते हसले आणि हाताने खुशाल न्या अशी खूण केली. म्हणाले, “लई जाय ना. आम्हले काय करनं शे?” जेठाणीने गोठ्यामागून एक पिल्लू बखोटीला धरून आणलं आणि फुईच्या ओटीत टाकलं.

वीटकरी लाल. उभे कान. पांढरा मोजा. फुईने त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडाजवळ नेलं, आणि मला वाटलं, झालं, लाली मिळाली. मग मी बघितलं, तिने अंगठा त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून फिरवला आणि तो अंगठा बघितला. पिल्लाला उताणं केलं आणि पोटावरची लव बोटांनी मागे सारली. पंजा हातात घेतला आणि गादी दाबली, डॉक्टरांनी दाबली होती तशीच. तिचं बोट तिथेच थांबलं. पिल्लू खोकलं. तिथे मिरची नव्हती.

फुईने ते हळूच खाली ठेवलं. “बाई, हाई पिलू येगळं ठेवा,” ती जेठाणीला म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता. “यानी थाळीमातलं दुसरा कुत्रासले देऊ नका. बरं व्हयनं असं दिसनं तरी देऊ नका.” जेठाणीने तिच्याकडे बघितलं, मग खाटेवरच्या नवऱ्याकडे, आणि हसून म्हणाली, “गावठी कुत्रं शे ते. त्याले काय व्हस?” फुई पुढे बोलली नाही. खरं तर ती बोलू शकली असती, तिच्याइतकं ते कुणाला माहीत नव्हतं. पण त्या घरात तिचं कधी कुणी ऐकलं होतं? आम्ही चहा न पिताच निघालो. फाटकापाशी मी वळून पाहिलं. पिल्लाने अर्धी टाकलेली दूधभाकर जेठाणी उचलत होती, आणि वाया जाऊ नये म्हणून गोठ्यापाशी बसलेल्या बाकीच्या कुत्र्यांच्या पातेल्यात ओतत होती. “मांगे नको देखू,” फुई म्हणाली. तिने स्वतः वळून पाहिलं नव्हतं, तिला पाहायची गरज नव्हती.

खांडबाऱ्याच्या स्टेशनावर नळाखाली ती कितीतरी वेळ हात धूत होती. रिकामी टोपली तिने गाडीत बाकाखाली ठेवली आणि उतरताना तिथेच राहू दिली. मी आठवण केली तर म्हणाली, राहू दे. मागच्या वर्षी मी गावी गेले होते. माझा भाचा आता घर बघतो, त्याच्या दारात एक लाल कुत्री होती, कुणाची कोण जाणे, पिल्लं घेऊन बसलेली. मी त्याला लसीचं सांगितलं. आता सुरतेला जावं लागत नाही, नंदुरबारला मिळते. तो काय म्हणाला ते मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला ते माहीत झालं आहे.

आम्ही परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फुईने नेहमीसारखं पीठ मळलं. पहिली भाकर लहान थापली, तव्यावर टाकली, उतरवून चुलीच्या कडेला ठेवली. आबांचं ताट वाढलं, मायचं वाढलं, माझं वाढलं. मग सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती निवलेली भाकर तिने ताकात कुस्करली, मागच्या दाराशी कुंडीजवळ जाऊन बसली आणि तिथे बसून स्वतः खाल्ली. त्यानंतर ती जिवंत होती तोवर पहिली भाकर तिचीच असायची.